पेवाच्या काठावरचं पोतं

राणीने गाडीतून सामान उतरवायला घेतलं तेव्हा हरिपूर रविवारच्या आळसात होतं. संगमाकडून गार वारा येत होता. समोरच्या ओट्यावर कुणीतरी आरसा मांडून दाढी करत होतं. आबा मात्र दारात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि लेक घर जप्त करायला आल्यासारखे तिच्याकडे बघत होते.

"एवढं काय आणलंयस गं? पूल बांधायचाय व्हय नदीवर?"

"तुमाला बांधायचंय," राणी म्हणाली.

मागे उभे असलेले आबांचे जुने सोबती ज्ञानूकाका फिदीफिदी हसले. "आता कसं, जोतिबा! पोरगीनं दावं आणलंय."

राणी कऱ्हाडजवळ मलकापूरला राहायची आणि तिथून पुढे एका डिस्टिलरीत सेफ्टी ऑफिसर होती. विश्रामबागच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, मग सुरक्षेचा डिप्लोमा केला होता. दिवसभर लोकांच्या मागे लागणं हेच तिचं काम. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवा, गॉगल कपाळावर नको, टाकीत उतरण्याआधी हवा तपासा. तिथले कामगार तिला पाठीमागे पट्टाबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. शेकडो माणसांना तिने सरळ केलं होतं. पण ज्या एका माणसाच्या जिवाचा तिला रात्रंदिवस घोर होता, तो काही तिचं ऐकत नव्हता. तो पेवात उतरायचा.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. वरचं तोंड इतकं अरुंद, की माणसाने अंग चोरूनच आत जावं. आत मात्र रांजणासारखं मोठं पोट. कडेने पाचट आणि चटया, मध्ये हळद, आणि तोंड शेणामातीने लिंपून बंद. अशी हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, कारण आत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. कीड ज्या हवेत मरते त्याच हवेत माणूसही मरतो. म्हणून पेव फोडलं की आधी तोंड उघडं ठेवून द्यायचं, मग आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर पाऊल टाकायचं नाही. जळत राहिला तर एकाने कमरेला दोर बांधून उतरायचं, आणि दुसऱ्याने काठावर बसून तो दोर धरायचा आणि हाक मारत राहायची.

"हाय का?"

"हाय."

उत्तर आलं नाही की ओढायचं. एवढंच शास्त्र.

आबांचा दोर जन्मभर आईने धरला होता. बनुबाईने. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं गावाने सांगून पाहिलं. आबा म्हणायचे, "जीव तिच्यापाशी ठेवलाय, मग दोर दुसऱ्याच्या हातात कशाला देऊ?" दोन वर्षांपूर्वी बनुबाई घरातच, साध्या तापाने गेली. गावातली बहुतेक पेवं त्याआधीच पुरात बसली होती. उरलेली नंतर एकेक करून रिकामी झाली, आणि आता हळदीचा व्यापारी रविराजशेठच्या आवारात एक तेवढं राहिलं होतं. त्यातली हळद काढली की शेठ ते बुजवून टाकणार होता. "एवढं एकच," आबांनी फोनवर शब्द दिला होता, आणि राणीने अट घातली होती: उतरायचं तर माझ्या सामानानिशी.

शेठच्या आवारात तिने लोखंडी ट्रायपॉड पेवाच्या तोंडावर उभा केला. त्याला हँडलची गिरकी, गिरकीवर नायलॉनचा दोर, दोराच्या टोकाला हूक. पेव आदल्या दिवशीच फोडून ठेवलं होतं. तोंडातून उबदार, मातकट वास येत होता. राणीने हवा तपासायच्या मीटरची नळी थेट तळापर्यंत सोडली आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबली. हवा ठीक होती. आबांनी तरीही शेजारून आपला कंदील सोडलाच.

"मीटर सांगतंय की, आबा."

"त्येला वाईट वाटंल," आबा कंदिलाकडे बोट दाखवून म्हणाले.

मग हार्नेसची पाळी आली. आबांनी तो सदऱ्यासारखा अंगात चढवला आणि मांड्यांचे पट्टे लोंबते सोडून दिले. राणी गुडघ्यांवर बसली. एकेक पट्टा तिने वळवून घेतला, बक्कल बसवलं, ओढून पाहिलं. लहानपणी याच माणसाने आपल्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, हे तिला आठवलं, आणि तिने उगाचच एक बक्कल पुन्हा तपासलं.

"टोचतंय गं."

"टोचू दे. सैल सोडलं तर पडताना सगळा भार भलतीकडं येतो."

"कुठं?"

"ज्ञानूकाका सांगतील तुमाला."

ज्ञानूकाका पोट धरून हसत बसले. आबाही हसले, आणि त्या हसण्यात पट्टा अजून थोडा घट्ट बसला.

सगळं झाल्यावर आबांनी कोपऱ्यातून एक जुनं पोतं आणलं, नीट चौघडी केली आणि पेवाच्या काठाशी पसरलं. मग काथ्याचा जुना दोर काढून स्वतःच्या कमरेला बांधला आणि त्याचं दुसरं टोक त्या पोत्यावर ठेवलं. कशाला बांधलं नाही. नुसतं ठेवलं.

"आबा, हे काय?"

"ह्यो बी असू दे."

"दोन दोर आत गेले की गुंतत्यात. एकच ठेवा. आणि हा तर कशालाच बांधला नाही तुमी."

"दोन वर्सं असाच उतरतुय मी."

 दोन वर्षं राणीला वाटत होतं, दोर ज्ञानूकाका धरतात. तिने त्यांच्याकडे पाहिलं. काका दुसरीकडे बघत होते.

"काका, तुमी का नाही धरत?"

"मी हाका मारतो की," काका म्हणाले. "बसतो ह्या बाजूला."

"तिथं का नाही बसत, पोत्यावर?"

काकांनी तंबाखू मळत थोडा वेळ काढला. "जागा न्हाई तितं," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसांचं दुःख कशात अडकून राहील सांगता येत नाही, असं राणीने मनाशी म्हटलं. आईची जागा म्हणून कुणी बसत नसेल. आणि नायलॉनचा दोर, हूक, गिरकी हे सगळं चोख होतं. काथ्याचा दोर कमरेला राहिला काय, न राहिला काय. तिने वाद सोडून दिला. आबांच्या छातीवर मीटर अडकवला, छातीच्याच पट्ट्याला हूक लावला, त्याची कडी फिरवून बंद केली आणि आबांना खाली सोडलं. जाता जाता तेवढं म्हणाली, "गुंतायला लागला तर तो जुना सोडून द्या. माझ्यासाठी."

"बरं गं, बरं."

आबा खाली पोचले. हळकुंडं सोबत नेलेल्या पोत्यात पडू लागली. कोरड्या, पोकळ आवाजात, कुणीतरी पत्र्यावर खडे टाकावेत तशी. ब्लोअर शेजारी घरघरत होता आणि त्याची जाड नळी आत ताजी हवा सोडत होती. थोड्या वेळाने खालून आबांचा आवाज आला. "ते यंत्र बंद कर गं! हाक ऐकू येत न्हाई!"

"असू दे चालू!"

"अगं, हाकच ऐकू येत न्हाई तर काम कसं करू? जीव घाबराय लागलाय!"

मीटर शांत होता. हवा चांगली होती. राणीने ब्लोअर बंद केला.

शांतता झाली. काकांनी हाक दिली, "हाय का?" खालून प्रसन्न आवाजात आलं, "हाय!"

तेव्हा राणीची नजर काथ्याच्या दोरावर गेली. त्याचं टोक पोत्यावर पडलेलं असायला हवं होतं. तसं ते नव्हतं. पेवाच्या तोंडातून वर आलेला दोर पोत्याच्या वर, जमिनीपासून हातभर उंचीवर तसाच थांबला होता, आणि तिथून पुढे खाली उतरून त्याचं वेटोळं पडलं होतं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे हात जिथे येतात, साधारण तिथे.

राणीने वाकून पाहिलं. काथ्या जुना, पिळाचा, वर्षानुवर्षं एकाच वळणात गुंडाळून ठेवलेला. असा दोर वळण धरून राहतो. तिने एका बोटाने तो दाबला. दोर थोडा खाली गेला आणि हलकेच परत जागेवर आला. स्प्रिंगसारखं, तिने मनाशी नोंद केली.

आबा आत सरकले असावेत, कारण दोर आत जाऊ लागला. तो फरफटत जायला हवा होता. तसा गेला नाही. हातभर गेला, थांबला. पुन्हा हातभर गेला, थांबला. शेवया वळणाऱ्या बाईने तार हळूहळू सोडावी तसा कुणीतरी तो जपून सोडत होतं.

राणीने काकांकडे पाहिलं. काका पेवाकडेच बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "बगू नगं गं तिकडं. लाजंल ती."

 पोत्याच्या मधोमध खळगा पडला होता. जाड पोतं आहे, दमट आहे, चौघडीला खळगा पडतोच. राणीने एवढं ठरवलं आणि गिरकीच्या हँडलवर हात ठेवून बसली. मात्र तिच्या नकळत तिने आपला पाय त्या पोत्यापासून जरा मागे घेतला, जसा आपण शेजारी बसलेल्या माणसाला लागू नये म्हणून घेतो.

खाली दोन पोती भरून झाली. तिसऱ्याच्या वेळी खालून धप्प असा आवाज झाला, भिंतीचा ओला पोपडा निसटल्यासारखा. आणि मीटर किंचाळायला लागला.

"आबा! वर या!"

"शेजारचं पेव फुटलं वाटतं गं," खालून आवाज आला. "पुरात बुजल्यालं. कुजका वास–"

"बोलू नका! हूक लावलेलाच आहे ना? मी ओढते!"

"थांब, दोर गुतलाय. दोन मिनटं. सोडवतो."

"आबा, काही सोडवू नका!"

राणी हँडलवर तुटून पडली, काकांना ओरडली, "ब्लोअर!" काकांनी बटण दाबलं. हँडल हलकं फिरत होतं. फार हलकं. नायलॉनचा दोर सरसर वर आला आणि त्याच्या टोकाला हूक लोंबत होता. उघडा, रिकामा.

"हाय का?" काका ओरडले. "जोतिबा! हाय का?"

खालून फक्त मीटरचा आवाज येत होता.

काकांनी पायातलं चप्पल झटकलं. राणीने त्यांचा दंड धरला. "नाही. काका, नाही. उतरलेला दुसरा माणूस आधी मरतो. अँब्युलन्सला फोन लावा." हे तिने कितीतरी वर्गांत, कितीतरी लोकांना सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. काका फोन काढायला वळले, आणि ती स्वतः काठावर बसली आणि तिने दोन्ही पाय पेवात सोडले.

तिच्या छातीवर तळवा टेकला.

ढकलणारा नव्हता. लहान मुलाला चुलीपासून अडवावं तसा होता. खडबडीत, उबदार, आणि जागचा न हलणारा.

राणीने पाय वर घेतले.

त्याच क्षणी काथ्याचा दोर, जो इतका वेळ हातभर वर होता, मऊ होऊन जमिनीवर पडला. पोत्यातला खळगा हळूहळू भरून आला.

ब्लोअर घरघरत होता. मीटर ओरडत होता. बाकी काही नाही.

मग दोराला खालून हिसका बसला.

"काका!"

दोघांनी दोर धरला आणि ओढला. आबांचं सगळं वजन त्यावर होतं. तळहात सोलवटले. पेवाचं तोंड अरुंद. कमरेला बांधलेला माणूस अशा वेळी दुमडतो आणि तिथेच अडकतो, हे राणीला माहीत होतं, आणि ती त्या क्षणाची वाट बघत ओढत होती. तो क्षण आला नाही. आधी डोकं आलं, मग खांदे, सरळ, उभे. आबा पिवळ्या धुळीने माखलेले होते आणि त्यांचे ओठ निळे पडले होते.

काकांनी त्यांना काखेत धरून बाहेर घेतलं. राणीने त्यांना पालथं केलं, आणि तेव्हा तिला दिसलं, की काथ्याचा दोर हार्नेसच्या पाठीवरच्या कडीतून ओवलेला आहे. दोन्ही खांद्यांच्या मध्ये. गाठ घट्ट, नीट, टोक मागे वळवून घेतलेलं.

विचार करायला वेळ नव्हता. तिने त्यांना उताणं केलं, हनुवटी वर केली आणि त्यांच्या तोंडात आपला श्वास घातला. पुन्हा. पुन्हा. आबा खोकले. हळदीचा वास आला.

सांगलीच्या इस्पितळात दुपार कलताना त्यांनी मास्क बाजूला सारला. राणीने तो परत लावला. त्यांनी परत सारला.

"आबा, नीट लावून ठेवा ना. ह्यो बी टोचतो का?"

"ऐक तर." त्यांचा आवाज घासलेला होता. "दोन्ही दोर एकमेकांत गुतले. तू म्हनालीस तसंच झालं. मी आधी जुना सोडला कमरंचा. तुझ्यासाठी. मग हूक काढला, पीळ सोडवाया. परत लावनार व्हतो. तेवढ्यात डोळ्यापुढं अंधार आला."

राणी त्यांचा हात धरून बसली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"म्हणजे जुना दोरही सुटलेला होता?"

"व्हय. हातातनं पडला. मी बघितला पडताना."

 स्वतःच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, माणसाचा हात पोचत नाही. गाठ मारायला तर नाहीच. तिने डोळे मिटून ती गाठ पुन्हा डोळ्यांपुढे आणली, आणि कुठेही चूक सापडते का ते शोधलं. सापडली नाही.

आबांनी तिचा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत आता भीती होती. पेवातून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"राणे," ते म्हणाले, "तुझी आई वर आली का?"

"आबा–"

"खाली आली व्हती ती. माझ्या पाठीशी. मला वर घेतलंत तुमी. तिला घेतलं का?"

संध्याकाळी शेठचा फोन आला. तो भ्यायला होता. उद्या सकाळीच मातीचे डंपर मागवलेत, म्हणाला, पेव बुजवून टाकतो, झालं गेलं गंगेला मिळालं, तुमचं सामान तेवढं काढून घ्या. राणी बरं म्हणाली. आबांना तिने काही सांगितलं नाही, पण त्यांनी ते तिच्या तोंडावर वाचलं असावं, कारण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि जेवले नाहीत.

सकाळी ऊन आवारात उतरलं होतं तेव्हा राणी तिथे पोचली. डंपर फाटकाबाहेर उभा होता. ड्रायव्हर चहा पीत होता. "पाच मिनिटं," ती त्याला म्हणाली. "सामान काढायचंय."

ट्रायपॉड तसाच उभा होता. आबांचा हार्नेस इस्पितळातून तिने परत आणला होता. तिने तो हातात घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आपण काय करतो आहोत हे तिला स्वच्छ कळत होतं. पण पेवातून माणूस वर आल्याशिवाय तोंड बंद करायचं नाही, हा नियम तिच्या पुस्तकातही होता.

तिने हार्नेसची सगळी बक्कलं उघडली, सगळे पट्टे सैल केले, हूक लावला, कडी फिरवून बंद केली आणि तो हळूहळू तळापर्यंत सोडला. मग ती काठाशी बसली.

काय म्हणायचं ते तिला सुचेना. इथे दुसरं काही म्हणायची रीतच नव्हती.

"हाय का?" ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. ती थांबली. डंपरच्या ड्रायव्हरने ग्लास विसळून पाणी टाकलेलं ऐकू आलं. मग तिने हँडल फिरवलं.

ते जड होतं.

आबांइतकं जड नव्हतं. एखाद्या बारीक चणीच्या बाईइतकं. राणीने दोन्ही हातांनी, घाई न करता, धक्का न देता फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "सावकाश," ती म्हणाली. "काठ ओला आहे."

हार्नेस वर आला. रिकामा. सगळी बक्कलं लागलेली होती, छातीची, मांड्यांची, आणि पट्टे आत ओढून घेतलेले होते. वरचा दोर तारेसारखा ताठ होता.

तिने हार्नेस काठावर घेतला. दोर ताठच राहिला. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक बक्कल सोडू लागली. आधी उजव्या मांडीचं, मग डाव्या मांडीचं. मग छातीचं.

शेवटचं बक्कल सुटलं, तेव्हा कुठे दोर सैल पडला.